एकोणीस नंबरचा बिल्ला

जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढे सरका, सतरंजी बरीच मोकळी आहे. बुवा कीर्तनाला उभे राहिले की आधी लोकांना असं पुढे बोलावतात. मला कीर्तनापलीकडे फारसं काही येत नाही, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते. एक गोष्ट सांगते. ती पुराणातली नाही, सिल्वासातली आहे, आणि ज्या बाईच्या हातून ती घडली ती मीच. ऐकताना कोणाला भीती वाटली तर वाटू द्या. मला अजून वाटते.

साल सत्याऐंशी. ह्यांची बदली बांधकाम खात्यात झाली आणि आम्ही चिपळूणहून सिल्वासाला आलो. मूलबाळ नाही, दिवस खायला उठायचा. तेव्हा डॉक्टर अरविंद खानोलकरांनी बाजारापासून थोडं आत, दोन खोल्यांत कुत्र्यांचा दवाखाना काढला होता. सरकारी गुरांच्या दवाखान्यातली नोकरी त्यांनी सोडली होती. फॅक्टऱ्या भराभर उभ्या राहत होत्या. प्रत्येक गेटवर राखणीचं कुत्रं आणि प्रत्येक मॅनेजरच्या बंगल्यात लाडाचं. त्यांना मदतनीस हवी होती. केसपेपर लिहायचे, काचेच्या सिरिंजा उकळायच्या, टेबलावर कुत्र्याचं तोंड धरायचं आणि फ्रीजमधली लस सांभाळायची. मी गेले आणि राहिले.

डॉक्टर माणूस सोन्यासारखा, जीभ मात्र कात्रीसारखी. मी कीर्तनाला जाते म्हणून रोज एक टोमणा ठरलेला.

"काय रजनीबाई, काल बुवांनी कोणाला वैकुंठाला पाठवलं?"

"तुम्हीही या की एकदा, डॉक्टर."

"मी येतो. पण आधी बुवांना म्हणावं, आमच्या टेबलावर एकदा उभे राहा. अल्सेशियनच्या कानात औषध घालताना कोणाचं वैराग्य टिकतं ते बघू."

मी हसायचे, पण मनात लागायचं. माझ्या कीर्तनाला कोणी नावं ठेवलेली मला सहन होत नसत. हे लक्षात असू द्या. सगळं इथूनच बिघडलं.

फ्रीजच्या दारावर डॉक्टरांनी मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला होता: लस एकदा गरम झाली तर फेकायची, परत गार करून वापरायची नाही. पिसाळण्यावरची ती लस मुंबईहून बर्फाच्या थर्मासमध्ये यायची, महिना महिना वाट बघितल्यावर.

अठ्ठ्याऐंशीच्या चैत्रात रामनवमीनिमित्त आम्ही मराठी मंडळींनी तीन दिवसांचं कीर्तन ठेवलं. बुवा नाशिककडचे. मैदान दवाखान्याला लागून. डॉक्टर आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी सावंतवाडीला गेलेले, दवाखाना चार दिवस बंद, किल्ली माझ्याकडे. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचला मांडववाल्याने लाउडस्पीकरची वायर दवाखान्याच्या खिडकीतून आत घेतली. मोठा सॉकेट एकच होता, त्यात फ्रीजची पिन.

मांडववाला म्हणाला, "बेन, आ काढवुं पडसे."

मी म्हटलं, "काढ. दोन तासांनी मी लावते."

हाताने पिन मीच काढली. मग बुवांनी पूर्वरंगाला असा काही सूर लावला, की मला फ्रीज आठवला नाही, पिन आठवली नाही. आरती झाली, प्रसाद वाटला, कुलूप घातलं, घरी गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी सकाळी दवाखाना झाडायला गेले तर पायाखाली पाणी. फ्रीजच्या तळातून गळून उंबऱ्यापर्यंत आलेलं. दार उघडलं. लशीच्या बाटल्या हाताला कोमट लागल्या, नुकत्या दूध प्यायलेल्या बाळाच्या पोटासारख्या.

मी पिन लावली. फरशी पुसली. संध्याकाळी बाटल्या पुन्हा गार झाल्या. रंग तोच, लेबल तेच. डॉक्टर दुसऱ्या दिवशी येणार होते आणि त्याच रविवारी जवळच्या रांधा गावात लस टोचण्याचं शिबिर ठरलेलं, जीप फिरवून गावोगाव सांगितलेलं. मी बोलले असते तर शिबिर मोडलं असतं. ते जाऊ दे, खरं सांगते. डॉक्टर म्हणाले असते, 'तुमच्या कीर्तनापायी', आणि ते मला ऐकायचं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, रामाच्या कामासाठी फ्रीज बंद होता, राम का लस नासू देईल? असं मी देवाला साक्षीदार केलं आणि तोंड मिटलं.

रांध्याच्या शिबिरात एकतीस कुत्री आली. टोचून झालं की प्रत्येकाच्या गळ्यात ॲल्युमिनियमचा नंबर घातलेला बिल्ला. बिल्ला असलेल्या कुत्र्याला घाबरायचं नाही, असं डॉक्टर लोकांना ओरडून सांगत होते. एकोणिसावा नंबर खंड्याचा. त्याला गोणपाटात गुंडाळून खांद्यावर घेऊन आला तो वाळू सोनवणे, साक्रीकडचा, धाग्याच्या फॅक्टरीत पाळीवर कामाला. लांब हाडाचा, हसरा.

"उतरव ना खाली त्याला," डॉक्टर म्हणाले.

"नई साहेब. खाली ठेवला का तो घरला पळीन, मग तुम्ही मलाच टोचशान."

त्याची बायको तानूबाई मागून म्हणाली, "टोचा, साहेब, यालेच टोचा. चावतो तर हाच जास्त."

सगळे हसले. मी बाटलीतून सिरिंज भरून डॉक्टरांच्या हातात दिली. तीही माझ्याच हाताने.

पावसाळा गेला. मी विसरले होते. विसरले म्हणजे फ्रीज उघडताना तेवढं आठवायचं, आणि बंद केला की जायचं.

आश्विनातल्या एका सकाळी वाळू खंड्याला उचलून दवाखान्यात आला. कुत्र्याचा खालचा जबडा लोंबत होता. लाळेची तार जमिनीपर्यंत.

"ताई, घशात हड्डी अडकेल हाये याच्या. कालपासून खात नई का पीत नई. मी सकाळी कोपरापोत हात घालून पाह्यला, सापडली नई."

त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर तीन खोल ओरखडे होते.

"चावला?" डॉक्टरांनी विचारलं.

"छ्या! चावल कसा? दात लागले फक्त. आपला खंड्या हाये."

डॉक्टरांनी बिल्ला उलटा करून नंबर बघितला. "लस झालेली आहे. मग ते नाही. हाडच असेल." आणि मोजे न घालता, बॅटरी धरून त्यांनी खंड्याच्या तोंडात हात घातला. त्यांच्या अंगठ्यापाशी साबणाने भेगा पडलेल्या असत. मला त्या पाठ होत्या, रोज मीच मलम काढून द्यायचे.

मी ट्रे धरून उभी होते. लोंबता जबडा, घोगरा आवाज, पाणी न पिणं, हे सगळं डॉक्टरांनीच मला शिकवलं होतं. बिल्ला नसता तर दारातूनच ते ओरडले असते. मी तोंड उघडलं. शब्द तोंडाशी आले होते. आणि मी म्हटलं, "डॉक्टर, पाणी तापवू का हात धुवायला?"

हाड सापडलं नाही. खंड्याला मागच्या पडवीतल्या पिंजऱ्यात ठेवलं. त्याच्यापुढे मी जर्मनची पाण्याची ताटली ठेवली. तो ताटलीकडे बघायचा, तोंड पाण्यात बुडवायचा आणि पिता येत नाही म्हणून ओरडायचा. भुंकण्यासारखं सुरू व्हायचं, मध्येच आवाज फाटायचा आणि बारीक, लांब होत जायचा. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो मेला. डॉक्टर बराच वेळ पिंजऱ्यापाशी उभे राहिले.

"लक्षणं सगळी त्याचीच आहेत," ते स्वतःशी म्हणाले. "पण लस तर मी स्वतः टोचलीये." मग केसपेपरवर 'जबड्याचा लकवा' असं लिहिलं. वाळूने मागे चुना घालून खंड्याला पुरलं, बिल्ला काढून शर्टाच्या खिशात ठेवला आणि पाळीवर गेला.

चौथ्या दिवसापासून खंड्या यायला लागला.

दुपारी एक ते चार दवाखाना बंद असे. मी आत स्टोव्हवर सिरिंजा उकळत बसायचे. दोनच्या सुमारास मागून आवाज आला. आधी भुंकल्यासारखा, मग फाटलेला, मग बारीक आणि लांब. पाण्याच्या बुडबुड्यांचा असेल म्हणून मी स्टोव्ह बंद केला. आवाज चालूच. मागे जाऊन बघितलं तर पिंजरा रिकामा, दार उघडं, आणि मी सकाळी घासून पालथी ठेवलेली ताटली सुलटी पडलेली. पडवीची फरशी ओली.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः ताटली भरून ठेवली. का ठेवली ते मला विचारू नका. तहानलेल्याला पाणी द्यावं, एवढंच डोक्यात होतं. दोनला आवाज आला. गेले तर ताटली उपडी, पाणी सगळं सांडलेलं, एक घोटही प्यायलेला नाही. प्यायलेलं पाणी आणि सांडलेलं पाणी फरशीवर वेगळं दिसतं, कुत्र्यांच्या दवाखान्यात काम केलेल्याला ते कळतं.

मी कोणाला सांगितलं नाही. पण कुत्र्यांना कोण गप्प करणार? मंजुषाबाई म्हणून एका मॅनेजरच्या घरच्या होत्या, त्यांचा पांढरा पॉमेरियन विकी. टेबलावर चढला की हा सगळ्यांना चावायला धावायचा. त्या आठवड्यात टेबलावर ठेवल्याबरोबर त्याने मागच्या दाराकडे बघितलं आणि जागच्या जागी मुतला.

"अगंबाई! असं कधी करत नाही हो आमचा विकी," मंजुषाबाई म्हणाल्या.

"बुवांचं कीर्तन ऐकलं असेल," डॉक्टर म्हणाले.

मी फडका आणायला गेले. मागे पडवीत कोणी नव्हतं, तरी मी पाठ न फिरवता, भिंतीला धरून आले.

रात्री झोपले की काही नसायचं. त्याची वेळ दुपारची, लख्ख उन्हाची. अकरा दिवस हे चाललं. रोज मी ठरवायचे, आज सांगते. रोज डॉक्टर काहीतरी बोलून हसवायचे आणि मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत गप्प. या रोगात दिवस हातात असतात हे मला ठाऊक होतं. दवाखान्यातल्या पुस्तकात मी चोरून वाचलं होतं. माणसाला महिना, दोन महिने काही होत नाही. तेवढ्यात पोटात चौदा इंजेक्शनं घेतली तर वाचतो. एकदा सुरू झालं, की मग कोणी वाचत नाही. दोन माणसांचा जीव माझ्या जिभेवर होता आणि मी रोज त्यातला एक दिवस गिळत होते.

बाराव्या दिवशी संध्याकाळी कोजागिरीचं कीर्तन होतं. मी पुढेच बसले, माझी जागा ठरलेली. वाटलं, नामात तरी सुटेन. बुवांनी गजर थांबवला आणि निरूपणाआधी श्वास घ्यायला एक क्षण गप्प राहिले. त्या गप्पपणात तो आवाज आला. मी वर बघितलं. बुवांच्या पायांशी, वीणेकऱ्याच्या शेजारी, खंड्या बसला होता. जबडा लोंबलेला, लाळेची तार सतरंजीपर्यंत. तो बुवांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत राग असता तर मला सोसलं असतं. आपल्या माणसाला घशात हाड अडकल्याचं सांगावं, तसा तो बघत होता.

मी उठले. आयुष्यात पहिल्यांदा कीर्तनातून मध्येच उठले. भरल्या मंडळीतून पायावर पाय देत बाहेर पडले आणि तशीच डॉक्टरांच्या घरी गेले. ते ओसरीवर भजी खात बसले होते.

"काय हो, बुवा एवढ्यात दमले?"

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पिन, तीन दिवस, कोमट बाटल्या, रामाचं नाव. शेवटी म्हटलं, "तो पिसाळलाच होता, डॉक्टर."

ते ओरडले नाहीत. भजीची बशी हळूच खाली ठेवली. आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, मग तो धोतराला पुसला, जसा काही आता पुसून उपयोग होणार होता. म्हणाले, "वाळूला कळवलंत?"

"नाही."

"माझ्याआधी त्याला सांगायचं होतं, बाई. मी नुसता हात घातला. त्याला दात लागलेत."

सकाळी डॉक्टरांनी सरकारी दवाखान्यात पहिलं इंजेक्शन घेतलं आणि आम्ही त्यांच्या मोटरसायकलवर रांध्याला गेलो. वाळूच्या खोलीला कुलूप. शेजारणीने सांगितलं, बाजरी काढायला दोघं गावाला गेली, दिवाळी करूनच येतील. आठ दिवसांपूर्वी गेली. म्हणजे मी चौथ्या दिवशी बोलले असते, तर तो इथेच होता.

शेजारणीकडून गावाचं नाव घेऊन तार केली. उत्तर नाही. डॉक्टर उरलेल्या तीस कुत्र्यांना नवी लस टोचत रांधा, किलवणी पालथं घालत होते, स्वतःच्या पोटात रोज एक इंजेक्शन घेऊन. मी ह्यांना म्हटलं, "मी जाते." हे म्हणाले, "एकटी?" मी म्हटलं, "पिन एकटीनेच काढली होती." नाशिकमार्गे एसटीने पिंपळनेर, तिथून तीन मैल पायी. पोचले तेव्हा खंड्या मेल्याला सतरा दिवस झाले होते.

वाळू खळ्यात कणसं पसरत होता. मला बघून धावत आला. "ताई? तुम्ही इथं? ए तानू, पाणी आण!"

मी पाणी घेतलं नाही. खळ्याच्या कडेला बसून त्या दोघांना सांगितलं. डॉक्टरांना सांगितलं त्याहून जास्त सांगितलं, ताटलीचंही सांगितलं. तानूबाई तांब्या हातात धरून उभी होती, तो तिने तसाच जमिनीवर ओतला.

वाळू हाताकडे बघत राहिला. ओरखडे भरून आले होते. मग म्हणाला, "चौदा? पोटात? दुखते का लई?"

"दुखतं. डॉक्टर घेतात रोज."

"साहेब बी घेऊ राहिले? मग चाला. दोघं मिळून ओरडू." आणि निघताना, एसटीत बसल्यावर, "ताई, एवढ्या लांब सांगायला आल्या तुम्ही. नसत्या आल्या तर मला कुठं समजणार होतं?"

माझ्यावर उपकार केल्यासारखं तो हे बोलला नाही. खरंच त्याला तसं वाटत होतं. तानूबाई खिडकीकडे तोंड करून बसली होती.

चौदाही दिवस वाळू आला. डॉक्टरांची इंजेक्शनं संपेपर्यंत दोघं एका बाकावर शर्ट वर करून बसायचे. "साहेब, तुमचं पोट नरम हाये, तुम्हाला सुई सोपी," असं तो म्हणायचा. त्या दिवसांत दुपारचा आवाज आला नाही. मला वाटलं, सुटलो. मी देवापुढे साखर ठेवली.

चौदावं इंजेक्शन झालं त्याच्या नवव्या दिवशी वाळूच्या उजव्या हाताला मुंग्या आल्या. मग पंख्याचा वारा सोसेना. तानूबाईने चहाचा कप ओठांशी नेला आणि त्याचा गळा असा आवळला की कप भिंतीवर जाऊन फुटला. खोल जखम आणि उशिरा सुरुवात, असं डॉक्टर मला म्हणाले. किती उशिरा, ते म्हणाले नाहीत. त्यांना गरज नव्हती.

सरकारी दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत खिडक्यांना काळे पडदे लावून त्याला ठेवलं. मधूनमधून तो पूर्ण शुद्धीवर असायचा, हेच फार वाईट. मला दारात बघून त्याने हाक मारली.

"ताई, खंड्या पाणी का नव्हता पीत, ते आत्ता समजलं मला. तहान लागते हो त्याला. लई लागते."

मी उंबऱ्याशीच खाली बसले.

"भजन म्हणा एखादं. हळू म्हणा, वारा नका येऊ देऊ तोंडाचा."

मी तोंडावर पदर धरून म्हटलं. कोणतं म्हटलं, कसं म्हटलं, आठवत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या आत तो गेला. डॉक्टरांना काही झालं नाही. ते पुढे बारा वर्षं सिल्वासातच दवाखाना चालवत राहिले. मला त्यांनी काढलं नाही. फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवला आणि सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचं काम माझ्याकडेच दिलं. कीर्तनावरून पुन्हा एकदाही मला चिडवलं नाही. त्यांनी चिडवावं म्हणून मी कितीदा वाट पाहिली.

तानूबाईच्या पाया पडायला मी गेले होते. तिने पाय मागे घेतले. म्हणाली, "तुमचं कीर्तन तुम्हालाच लखलाभ, ताई." ती गावी निघून गेली. बरोबर बोलली ती. मी तिच्याकडे माफी मागितलेली नाही आणि तुमच्याकडेही मागत नाही.

कीर्तन मी सोडलं नाही. आता दाराजवळ बसते. गजर थांबला आणि बुवा श्वास घ्यायला गप्प झाले, की तो एक क्षण माझ्यासाठी फार मोठा असतो. मी ऐकत राहते. काही येत नाही. कोणीच येत नाही, आणि ते येण्यापेक्षा जड आहे.

तर मंडळी, आरतीनंतर आपण गेलेल्यांसाठी दोन मिनिटं हात जोडतो, आईवडिलांची, गुरूंची नावं मनात घेतो. आज त्यांत एक नाव माझ्यासाठी घाला. वाळू सोनवणे. साक्रीकडचा, रांध्याला धाग्याच्या फॅक्टरीत होता, मुका जीव तळमळताना बघवला नाही म्हणून ज्याने त्याच्या तोंडात हात घातला, तो. माझं नाव विसरलात तरी चालेल. त्याला आठवा.